इंडस्ट्रियल इकॉलॉजी शिकायला ट्रॉन्डहाइमला जायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठात इंडस्ट्रियल इकॉलॉजीचं संशोधन चालतं आणि दोन वर्षांचं इंग्रजीतलं मास्टर्सही आहे. मी एलसीएच्या म्हणजे जीवनचक्र मोजणीच्या (एखादी वस्तू बनल्यापासून भंगारात जाईपर्यंत पर्यावरणावर किती भार टाकते ते मोजायच्या) कामात असल्यामुळे त्याबद्दल फिरून फिरून तेच विचारलं जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

हे म्हणजे एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच ना?

नाही. तिथे सांडपाण्याच्या पाइपाच्या शेवटी काय बसवायचं ते शिकवतात, इथे माल खाणीतून निघून भंगारात जाईपर्यंत कुठे किती वळला त्याचा हिशोब शिकवतात.

मी बीएस्सी बॉटनी, इकॉलॉजी आवडते. मिळेल का?

नावावर जाऊ नकोस. हा प्रोग्राम एनर्जी अँड प्रोसेस इंजिनिअरिंग विभागात आहे, मॅट्रिक्स आणि कोडिंगशिवाय पान हलत नाही. तुझी मार्कशीट पाठवून विद्यापीठालाच विचार, माझ्या अंदाजावर वर्ष घालवू नकोस.

एजंट म्हणतो नॉर्वेत शिक्षण फुकट, फक्त त्याची प्रोसेसिंग फी भरायची.

एक रुपया देऊ नका! युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ च्या शरद सत्रापासून तिथे फी लागते, ही काही गुपित गोष्ट नाही आणि तरी लोकांच्या अज्ञानावर अजून दुकानं चालू आहेत याचा मला मनापासून राग येतो. पीएचडीचं वेगळं आहे, ती तिथे पगारी नोकरी असते आणि जागेची जाहिरात निघते. फी किती, स्कॉलरशिप कुठली हे थेट विद्यापीठाच्या ऑफिसला मेल करून लेखी घ्या.

सांगली भागात साखर कारखान्यात केमिस्ट आहे. बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) कोजन म्हणजे वीज आणि वाफ, मळीपासून इथेनॉल, प्रेसमडचं (रस गाळून उरलेल्या गाळाचं) खत हे आम्ही करतोच. मग वेगळं काय शिकायचं?

प्रश्न आवडला. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये वीजकेंद्राची वाफ रिफायनरीला आणि धुरातल्या गंधकातून निघालेला जिप्सम शेजारच्या प्लास्टरबोर्डच्या कारखान्याला जायचा, जगभर तेच उदाहरण शिकवतात, आणि तुमचं काम त्याच जातीचं आहे. शिकायची ती मोजणी. उसाच्या खताचा, पाण्याचा, डिझेलचा भार साखरेवर किती टाकायचा, विजेवर किती, इथेनॉलवर किती? वजनाने वाटलं तर एक उत्तर येतं, किमतीने वाटलं तर दुसरं. आणि स्पेंटवॉश (इथेनॉल काढल्यावर उरलेलं सांडपाणी) हिशोबातून गळला तर दोन्ही चुकीची. आधी कारखान्याचा वर्षाचा मास बॅलन्स, म्हणजे आत किती माल आला आणि बाहेर काय काय गेलं त्याचा ताळा, घेऊन जाणकाराबरोबर बसा, परदेशाचं नंतर बघू.

व्हॉट्सॲपवर आलंय की एनटीएनयूनेच सिद्ध केलं, ई-गाडी पेट्रोलपेक्षा जास्त प्रदूषण करते. खरं का?

अर्धं वाचून पुढे ढकललेलं आहे हे, आणि नेमका हाच फॉरवर्ड मला सगळ्यात जास्त छळतो. पेपर खरा आहे, २०१२ मध्ये जर्नल ऑफ इंडस्ट्रियल इकॉलॉजीत आला. ई-गाडी बनवताना साध्या गाडीच्या जवळपास दुप्पट कार्बन जातो असं त्यात आहे, फॉरवर्डवाले इथेच थांबतात. पुढे काय आहे? युरोपातल्या तेव्हाच्या विजेवर गाडी १,५०,००० किमी चालली तर एकूण आयुष्यात पेट्रोल-डिझेल गाडीपेक्षा १० ते २४ टक्के कमी. आता तीच गाडी, तीच बॅटरी, फक्त आयुष्य १,००,००० किमी धरा, पेट्रोलच्या तुलनेत फायदा ९ ते १४ टक्क्यांवर येतो आणि डिझेलशी जवळपास बरोबरी होते. २,००,००० धरा, पेट्रोलपेक्षा २७ ते २९ टक्के कमी. म्हणजे किलोमीटर बदलले की निकाल बदलला, आणि हे न सांगता कुणी एकच आकडा तोंडावर फेकत असेल तर तो ऐकायचाच नाही. कोळशाच्या विजेवर ई-गाडी उलटी पडू शकते हेही त्यांनी स्वच्छ लिहिलंय, आणि आपल्याकडे बहुतेक वीज कोळशाची, नॉर्वेसारखी धरणांची नाही. पण तेव्हाच्या बॅटऱ्या वेगळ्या, वीजही तशीच राहत नाही, त्यामुळे तो आकडा उचलून आजच्या पुण्याला चिकटवणं चूकच. शोरूममधला 'झिरो एमिशन'चा बोर्डसुद्धा तितकाच अर्धवट, कारण तांबं-निकेलच्या खाणींच्या गाळातून पाण्यात काय उतरतं ते त्यात कुठेच नसतं. आकडा दिसला की विचारा: किती किमी धरले, वीज कुठली, बॅटरी कुठे बनली, भंगारापर्यंत मोजलं का? कंपनीसाठी पाच-पन्नास गाड्या घेणार असाल तर आधी तुमच्या रूटचा हिशोब जाणत्या माणसाकडून करून घ्या.

वीकेंडचा एलसीए कोर्स करून आमच्या पिशव्यांवर 'प्लास्टिकपेक्षा हिरवी' छापता येईल?

नाही. ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दोन दिवसांत बटणंही कळतात, पण पिशवी किती वेळा वापरली जाणार हे तुम्ही काय धरलंत यावर सगळं उभं आहे. शिवाय आयएसओ १४०४४ या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असा तुलनेचा दावा जाहीर करायचा तर स्वतंत्र पॅनेलकडून तपासणी लागते. ग्रीनवॉशिंगवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही २०२४ मध्ये आली आहेत. छापखान्यात जाण्याआधी वकील आणि एलसीएवाला दोघांना दाखवा.

निकाल जूनमध्ये लागेल, मग ऑगस्टसाठी अर्ज करते.

तोवर उशीर झालेला असेल. अर्ज आदल्या हिवाळ्यातच जातात. नक्की तारीख आजच विद्यापीठाच्या साइटवर बघ, आणि शेवटच्या वर्षाच्या मार्कांशिवाय अर्ज चालतो का ते विद्यापीठाला मेल करून विचारून घे.