सही सोडा, चोवीस तासांचा रिपोर्ट गेला का ते विचारा

नाशिकहून एका वडिलांचा मेल आलाय. पंधरा वर्षांची मुलगी डिप्रेशनच्या नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये आहे, तिसऱ्या आठवड्यापासून तिची झोप उडाली, चिडचिड वाढली आणि एका रात्री तिने हातावर ब्लेड मारून घेतलं, घाबरून जवळच्या दुसऱ्याच हॉस्पिटलात नेलं, चार दिवस ॲडमिट. ट्रायलचे डॉक्टर म्हणतात हे आजारामुळे झालं. वडील विचारतात, मी सही केलीय, आता काही करता येईल का? असे मेल खूप येतात आणि सगळ्यांना भीती त्या सहीचीच.

दादा, ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, फक्त गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. तुमचं सगळं अडलंय ते तारखेवर. पेशंट ॲडमिट झाला की 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत ती गंभीर घटना धरतात आणि ट्रायलच्या डॉक्टरांनी ती 24 तासांत केंद्राच्या औषध नियंत्रकाला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला (ट्रायलमधल्या लोकांचं हित बघणारी समिती) कळवायची असते. तुम्ही त्यांना सांगितलंत वीस दिवसांनी, तेही फोनवर! इजा झाली तर कुणाला कळवायचं हे तुम्ही सही केलेल्या कन्सेंट फॉर्ममध्येच (संमतीपत्रात) असतं आणि तो फॉर्म तुमच्या कपाटात न वाचता पडलाय, याचा मला खरंच राग येतो. तरी उशीर झाला म्हणून रिपोर्ट टळत नाही, उशिराचं कारण देऊन तो करावाच लागतो.

आजच डॉक्टरांना आणि एथिक्स कमिटीला लेखी मेल टाका, डिस्चार्ज कार्ड जोडा आणि विचारा की रिपोर्ट कधी गेला आणि त्यात नेमका कुठला शब्द लिहिलाय. शब्दाचं का सांगते, तर 90 च्या दशकात अमेरिका-कॅनडात पॅरॉक्सेटीन या डिप्रेशनच्या गोळीची 275 किशोरवयीन मुलांवर ट्रायल झाली, तेव्हा आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न 'भावनिक अस्थिरता' या नावाखाली नोंदले गेले, 2001 च्या पेपरात औषध चांगलं ठरलं आणि 2015 मध्ये मूळ कागद परत तपासल्यावर ते ना परिणामकारक दिसलं ना सुरक्षित. मुलांवर ट्रायल नकोतच असं मी म्हणत नाही, नाहीतर मोठ्यांच्या गोळ्या अंदाजानेच मुलांना दिल्या जातील. पण 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने मुलांवरच्या अशा गोळ्यांच्या 24 ट्रायल एकत्र पाहिल्या तर आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळीवरच्या मुलांत 4 टक्के आणि प्लासिबोवर (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीवर) 2 टक्के निघालं, मग नुसतं 'आजारामुळे' म्हणून कसं चालेल? 2019 च्या त्याच नियमांतल्या नियम 40 प्रमाणे इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं ठरेपर्यंत, किंवा ट्रायलच्या डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, उपचार कंपनीने फुकट द्यायचे असतात. त्या चार दिवसांचं बिल जपून ठेवा.

भरपाई मिळेल का, किती मिळेल, ते रिपोर्ट आणि कागद बघूनच सांगता येईल.

फॉर्म सापडला की मुलीची स्वतःची वेगळी सही आहे का बघा. या वयाच्या मुलांची लेखी संमती वेगळी घ्यायची असते. ती नसेल तर मेलमध्ये तेही लिहा, आणि लिहायच्या आधी तिला जवळ बसवून विचारा की तिला त्या दिवशी काय सांगितलं होतं.