स्वल्पविरामानंतरची कामं

प्रश्न : रात्रीच्या झटपट जेवणाचं एक पुस्तक घेतलं आहे. पहिल्या पानापासून सगळ्या पाककृती करून बघायचं ठरवलंय. पण पहिल्याच मटकीच्या उसळीला पुस्तकात २५ मिनिटं दिली होती आणि मला सव्वा तास लागला. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा हात संथ नाही. पुस्तकातलं घड्याळ फोडणीपासून सुरू होतं आणि तुमचं कांदा हातात घेतल्यापासून. साहित्याची यादी पुन्हा वाचा : ‘२ कांदे, बारीक चिरून’, ‘पाव वाटी ओलं खोबरं, खवून’. स्वल्पविरामानंतरचं प्रत्येक काम त्या २५ मिनिटांच्या बाहेरचं आहे. ‘मोड आलेली मटकी’ या तीन शब्दांत तर ८ तासांचं भिजवणं आणि त्यापुढे कापडात बांधून ठेवण्याचे १२ ते २४ तास दडलेले आहेत. थंडीत मोड यायला आणखी वेळ लागतो.

म्हणून पहिला आठवडा स्वयंपाक करू नका, पेन्सिल घेऊन पुस्तक वाचा. प्रत्येक पाककृतीशेजारी लिहा : आदल्या रात्री काय (छोले, राजमा भिजवणं), सकाळी काय (कणीक, भाजी निवडणं), रविवारी काय (वाटण, लसूण सोलणं, दाण्याचं कूट). ज्या पानावर काहीच लिहावं लागलं नाही, ती खरी झटपट पाककृती. पिठलं, मुगाच्या डाळीची खिचडी अशी पानं वेगळी खूण करून ठेवा, उशीर झालेल्या दिवशी तीच उपयोगी पडतात.

दोन ठिकाणी पुस्तकाच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. ‘कांदा ४-५ मिनिटं तांबूस परता’ असं असलं, तरी २ मध्यम कांदे मध्यम आचेवर नीट तांबूस व्हायला १२ ते १५ मिनिटं लागतात. आच वाढवली की कडा करपतात, आतून कांदा कच्चाच राहतो आणि रश्शाला उग्र वास येतो. दुसरं, कुकरचं. शिट्ट्या मोजलेल्या असतात, वाफ जिरायची १०-१५ मिनिटं नाही. कुकर आधी चढवा, चिराचिरी तो गॅसवर असताना करा.

आणि पुस्तक पानांच्या क्रमाने करू नका. बहुतेक पुस्तकांत भात, उसळी, पराठे असे विभाग असतात. क्रमाने गेलात तर सलग पंधरा दिवस भातच होईल. क्रम शिल्लक जिन्नसांवर लावा : सोमवारी पालकाची अर्धी जुडी डाळीत गेली, तर बुधवारी उरलेली पराठ्यात. आठवड्यात नव्या पाककृती तीनच घ्या, बाकी दिवस हातखंडा पदार्थ. ऐंशी पाककृतींचं पुस्तक या वेगाने साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतं.

प्रश्न : रविवारी करून ठेवलेलं वाटण बुधवारपर्यंत आंबूस लागतं. असं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यात ओला नारळ आणि पाणी असणार. साठवणीच्या वाटणाला सुकं खोबरंच घ्या. ४ मध्यम कांदे उभे चिरून २ टेबलस्पून तेलात चांगले तांबूस परता, १ वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं खरपूस भाजा, १०-१२ लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं घाला. पूर्ण गार झाल्यावरच वाटा. गरम असताना डब्यात भरलं की झाकणाला वाफेचं पाणी धरतं आणि तेच वाटण नासवतं. शक्यतो पाण्याशिवाय वाटा, मिक्सर अडला तर चमचाभर तेल घाला. एकेका जेवणाला पुरतील असे चार भाग करा. एक फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, तीन फ्रीझरमध्ये. आणि कच्चा कांदा वाटून ठेवू नका, तो कडवट होतो.

प्रश्न : पाककृती चौघांसाठी आहेत, आम्ही आठ जण. सगळं दुप्पट करायचं का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : डाळ, भाजी, तांदूळ दुप्पट. मीठ-तिखट आधी दीडपट घालून चव बघा. रस्साभाजीला पाणी दुपटीपेक्षा थोडं कमी, कारण त्याच पातेल्यातून आटणारी वाफ दुप्पट होत नाही. कांदा मात्र दोन खेपांत परता. एकदम घातला तर स्वतःच्याच पाण्यात शिजतो, तांबूस होत नाही. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि डाळीला निम्माच. फेस वर येऊन शिटीचं भोक बुजतं. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ शिजल्यावर घाला. आंबटात डाळ शिजायला हट्ट करते.

प्रश्न : पुस्तकात ‘कप’ आहे, घरात वाट्या आहेत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कप कुठे २०० मिलिलिटरचा, कुठे २४०, कुठे २५०. प्रस्तावनेजवळ माप दिलं असेल तर तितकं पाणी मोजून घरातली एक वाटी ठरवा आणि सहा महिने तीच वापरा. टेबलस्पून १५ मिलिलिटर, टीस्पून ५. हे दोन चमचे मात्र विकतच घ्या. पोह्याच्या चमच्याने मीठ मोजलं की हमखास गफलत होते.