बाळाचा रंग आणि भरलेले दिवस

प्रश्न : आमचा मुलगा ३४व्या आठवड्यात झाला. जन्मला तेव्हा लालबुंद, गोरापान होता. आता दोन महिन्यांत सावळा झालाय. काही बिघडलंय का?

नाही. तुम्हाला दिसला तो गोरेपणा नव्हता, रक्त होतं. कमी दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की पोटावरच्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गर्भाच्या त्वचेत तिसऱ्या महिन्याच्या सुमारासच पोचतात, पण जन्माच्या वेळीही त्यांचं काम मंदच चालू असतं. ते वाढतं पुढच्या काही महिन्यांत. पूर्ण दिवसांची बाळंही अशीच हळूहळू आपल्या रंगावर येतात.

प्रश्न : मग डॉक्टर बाळाकडे बघून आठवडे कसे सांगतात? रंग धरतात का?

थोडा धरतात, पण त्यावर विसंबत नाहीत. बाळाच्या खुणांना गुण देऊन गर्भाचे आठवडे ठरवण्याच्या १९७०च्या डुबोविट्झ पद्धतीत कातडीच्या रंगाला वेगळे गुण होते : गडद लालीपासून फिकटपणापर्यंत. सावळ्या बाळात ही लाली नीट ओळखू येत नाही, त्यामुळे मला हा निकष कधीच भरवशाचा वाटला नाही. १९९१च्या सुधारित बॅलर्ड पद्धतीत शरीराच्या सहा आणि स्नायू-मज्जातंतूंच्या सहा खुणा पाहतात. कातडीत भर असतो तो पारदर्शकपणा, सालपटं आणि भेगांवर. एकूण ३५ गुण झाले तर साधारण ३८ आठवडे. यात दोनेक आठवड्यांची चूक सहज होते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर मी तिचंच ऐकते.

मी सगळ्यात आधी कान दुमडून सोडते. दिवस भरलेल्या बाळाचा कान झटकन उलगडतो, फार लवकर आलेल्याचा तसाच दुमडलेला राहतो. मग तळपायाच्या रेषा, त्याही पहिल्या बारा तासांतच; नंतर तळवा सुकतो आणि खोट्या सुरकुत्या पडतात. मुलांमध्ये वृषणाची पिशवी बघते : अपुऱ्या दिवसांत ती सपाट, गुळगुळीत, फिकट, दिवस भरले की वळ्या पडलेली, लोंबती आणि गडद. रंगाचा उपयोग असलाच तर तो इथे, तोही वळ्यांच्या जोडीने.

प्रश्न : पूर्ण दिवसांच्या बाळाच्या कानाच्या कडा, नखांची मुळं आणि जननेंद्रिय काळपट आहेत. काळजी करू का?

बहुतेकदा नाही. सावळ्या घरातल्या बाळांत या जागा आधी गडद होतात. बाळाचा पुढचा रंग त्यावरून थोडाफार कळतो. पण जननेंद्रिय अंगाच्या मानाने फारच काळं असेल आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ उलट्या करत असेल, पीत नसेल, वजन घेत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार असू शकतो. मुलगा असेल तर बाकी सगळं सामान्य दिसतं, म्हणून तो नजरेतून निसटतो.

प्रश्न : कमरेखाली निळसर डाग आहे. दिवस कमी भरल्यामुळे का?

दिवसांशी संबंध नाही. रंगपेशी कातडीच्या खोल थरात राहिल्या की असा डाग दिसतो. काही वर्षांत बहुधा मावळतो. मुका मार लागल्याचा समज होऊ नये म्हणून बाळाच्या कागदावर तो नोंदवून मात्र घ्या.