पोळ्यापासून डबीत ठेवलेली कवळी

ताई, माझी आई ७८ वर्षांची असून तिला अल्झायमर आहे. पोळ्याच्या सुमारास तिचे वजन ५२ किलो होते, गेल्या आठवड्यात ते ४६ भरले. ती घास गालात धरून ठेवते, भाकरी चघळून ताटाबाहेर काढते आणि ‘माले भूक नही’ म्हणून तोंड फिरवते. प्रोटीन पावडरचे डबे संपले, स्मरणशक्तीचे टॉनिक चालू आहे, मुलीने कुठेतरी वाचून लाल रंगाचे ताटही मागवले. कवळी ती सारखी काढून टाकते, दोनदा खरकट्यात सापडली, म्हणून पोळ्यापासून ती डबीतच ठेवली आहे. संक्रांतीला बहीण नाशिकहून आली होती. तिच्या हातचे वांग्याचे भरीत आईने पोटभर खाल्ले आणि तेव्हापासून बहीण म्हणते की वहिनी आईला उपाशी ठेवते. पत्नी रोज रडते. मी शिक्षक आहे, दिवसभर शाळेत असतो आणि घरी आलो की दोघींच्या मध्ये सापडतो. बरोबर कोणाचे, ते तुम्हीच सांगा.
— एक मुलगा, पारोळा तालुका

नमस्कार.

तुमच्या मूळ पत्राची लांबी बरीच होती, ते येथे थोडक्यात घेतले आहे. त्यातला निम्म्याहून अधिक मजकूर बहीण काय म्हणाली आणि पत्नी काय म्हणाली याचा आहे, उरलेला डबे, टॉनिक आणि ताटाचा आहे, आणि कवळीच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. मी त्या वाक्यापाशीच थांबले.

आईचे वजन ५२ किलो असल्याचे तुम्ही पोळ्याचे सांगता आणि कवळी डबीत गेली तीही पोळ्यालाच. या दोन्ही गोष्टी तुम्हीच लिहिल्या आहेत, परंतु त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. सहा महिन्यांत ६ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या अकरा टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. या वयात सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन आपोआप उतरले, तर वैद्यक त्याला गंभीर कुपोषणाचे लक्षण मानते. ‘आजारच तसा आहे’ असे म्हणून ही घट सोडून देता येणार नाही.

कवळी ती काढून का टाकत होती, हा प्रश्न घरात कोणी विचारला होता का? दात गेल्यानंतर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते आणि हिरडीचा आकार बदलतो, त्यामुळे कधीकाळी घट्ट बसलेली कवळी हळूहळू सैल होते, खाताना सरकते, एका जागी घासते आणि तिथे जखम करते. तुमची-माझी कवळी असे टोचू लागली तर आपण ‘इथे दुखते’ म्हणून बोट ठेवू आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठू. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दुखणे जाणवते, पण ते कोठे आहे आणि कशामुळे आहे हे जुळवून सांगता येत नाही. मग तो दुखणारी वस्तू काढून फेकतो. तुमच्या आईने तक्रार केली होती, तीही दोनदा, आणि तिच्या तक्रारीचे उत्तर म्हणून तुम्ही तिचे दात काढून कपाटात ठेवले. हे कठोर वाटेल, पण मला ते सौम्य करून सांगायचे नाही.

आता तिचे जेवण तिच्या बाजूने पाहा. ज्वारीची भाकरी नुसत्या हिरड्यांनी चावली जात नाही. ती बराच वेळ चघळते, गिळण्याजोगा घास होत नाही, म्हणून बाहेर काढून ठेवते. न चावलेला घास तसाच गिळून ठसका लागू देण्यापेक्षा हे शहाणपणाचेच आहे. ताटासमोर बसून रोज हीच फजिती होत असेल तर ‘माले भूक नही’ म्हणून मोकळे होणे सोपे जाते. बहिणीच्या भरताचे कोडेही येथेच सुटते. निखाऱ्यावर भाजून ठेचलेल्या वांग्यात चावण्यासारखे काही उरत नाही, ते जिभेने टाळ्याला दाबले तरी गिळता येते. तो पदार्थ तुमच्या पत्नीने केला असता तरी आईने खाल्ला असता. माया कोणाच्या हाताला जास्त, हा वाद तुमच्या घरात महिनाभर चालला आणि तो मिटवण्याची किल्ली त्या डबीत पडून होती. ‘दोघींच्या मध्ये सापडतो’ असे तुम्ही लिहिता. मला ते मान्य नाही. तुम्ही मध्ये सापडलेला नाही, तुम्ही बाजूला उभे राहून पाहत आहात.

युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या एस्पेन या संघटनेने २०१५ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. माणूस का खात नाही याची कारणे शोधून ती शक्य तितकी दूर करा, असे त्या सांगतात आणि त्या कारणांत चावण्याची अडचण येते. स्मरणशक्ती सुधारावी म्हणून जीवनसत्त्वे किंवा ओमेगा-३ देण्याची शिफारस त्या करत नाहीत. म्हणून टॉनिकवरचा खर्च थांबवा. पावडर दुधातून जात असेल तर जाऊ द्या, तिने थोडी भर पडते. मुलीने आणलेले लाल ताट मात्र वापरत राहा, कारण या आजारात रंगांमधला फरक ओळखणे कठीण होते आणि पांढऱ्या ताटातला भात दिसेनासा होतो. २००४ साली बोस्टनच्या संशोधकांनी अल्झायमरच्या पुढच्या टप्प्यातील ९ रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल भांड्यांत जेवण दिले, तेव्हा त्यांचे खाणे २५ टक्क्यांनी आणि पिणे ८४ टक्क्यांनी वाढले. अभ्यास लहान होता, पण ताट घरात आहेच. मुलीने जे केले ते योग्य केले, फक्त दिसलेला घास चावायला तोंडात दात हवेत.

तुम्ही एकच गोष्ट करायची आहे आणि ती याच आठवड्यात करायची आहे. कवळीची डबी खिशात घाला आणि आईला दंतवैद्याकडे घेऊन जा. तालुक्याला सोय नसेल तर धुळ्याला दंतमहाविद्यालय आहे. आईला अल्झायमर आहे हे खुर्चीवर बसवण्यापूर्वीच सांगा आणि सकाळची, ती ताजीतवानी असतानाची वेळ मागा. हिरडीवर जखम आहे का, टाळ्यावर लालसर किंवा पांढरा बुरशीचा थर आहे का, एखाद्या दाताचे मूळ हिरडीत राहून गेले आहे का, हे त्यांना पाहू द्या. नव्या कवळीचा आग्रह लगेच धरू नका, कारण नवा आकार तोंडात सांभाळायला जिभेला आणि गालांना शिकावे लागते आणि हे शिकणेच या आजारात अवघड होऊन बसते. जुन्याच कवळीला आतून नवे अस्तर लावून ती घट्ट करता येते का, हे आधी विचारा. तिच्यावर आईचे नावही कोरून घ्या. घरी आल्यावर सुरुवातीला फक्त जेवणापुरती बसवा, रात्री काढून पाण्यात ठेवा आणि रोज ब्रशने घासा. सगळे करूनही आईला ती सहन झाली नाही, तर मग खुशाल बाजूला ठेवा, पण तेव्हा तो निर्णय तिचे तोंड तपासून घेतलेला असेल आणि स्वयंपाकही त्याप्रमाणे बदललेला असेल.

तोपर्यंत तिला जे देता ते मऊ हवे, मात्र पाणचट नको. वरणाचे पाणी आणि चहात बुडवलेले बिस्किट यांनी पोट भरल्यासारखे वाटते आणि अंगावर मांस राहत नाही. या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला निदान १ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे आईला सुमारे ४६ ग्रॅम. आपल्या खानदेशाच्या स्वयंपाकात यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, ती गरम असतानाच घट्ट वरणात किंवा दुधात कुस्करून भिजू द्या. फुणके तूरडाळीचे असतात, ते कढीत मोडून मऊ होऊ द्या. डुबुकवड्या रश्श्यात मुरल्या की चमच्याने तुटतात. भरतात शेंगदाण्याचे बारीक कूट घाला, मिरची मात्र हिरडी बरी होईपर्यंत नावाला ठेवा, कारण जखमेवर तिखट लागले तर आई त्या पदार्थालाही कायमचे तोंड फिरवेल. मऊ खिचडीवर तेलाची धार नेहमीपेक्षा जास्त सोडा. जळगावच्या केळीपट्ट्याशेजारी राहता, तेव्हा पिकलेले केळे दुधात कुस्करून दुपारी द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिच्यासमोर बसून स्वतःही तेच खा, कारण समोरच्याचा हात तोंडाकडे जाताना पाहून तिचाही जातो.

आईच्या डॉक्टरांनाही वजनाचे हे दोन आकडे सांगा. अल्झायमरसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना मळमळते आणि भूक मंदावते. तिला मधुमेहाची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा, कारण काही गोळ्या खाणे कमी झाले तरी साखर उतरवत राहतात आणि त्यातून घेरी व गोंधळ वाढतो. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवल्यानंतर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर गिळण्याची तपासणीही करून घ्यावी लागेल.

दवाखान्यात कोणी जायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. शाळेतून रजा तुम्ही टाकायची. पत्नीला सोबत यायचे असेल तर येऊ द्या, पण हे काम तिच्यावर सोपवू नका. दिवसातून चार वेळा ताट वाढण्याचे आणि तेवढ्याच वेळा ते उचलण्याचे काम सहा महिने ती करते आहे आणि बदल्यात तिला उपाशी ठेवल्याचा आरोप मिळाला आहे. दंतवैद्य जे सांगतील ते त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः बहिणीला फोन करून सांगा. कवळी डबीत ठेवल्याची गोष्ट तिला माहीत नसेल तर तीही सांगा आणि आरोप परत घ्यायला सांगा.