तिसरी घंटा : सामंत घरी गेल्यावर

प्रश्न : आमच्या हौशी ग्रुपनं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवायला घेतलंय. मला सामंत मिळालाय, म्हणजे नाटकमंडळी खोट्या खटल्याच्या खेळात ज्याला साक्षीदार करतात तो गावातला साधा तरुण. दिग्दर्शक म्हणतात, त्याचा जन्मापासूनचा इतिहास लिहून आण. वही भरत आली, पण तालमीत काडीचा फरक नाही. नाटकात नसलेलं पात्राचं आयुष्य कल्पून खरंच काही हाती लागतं का?
– एक हौशी नट, सातारा

उत्तर : वही मीही भरली होती, आणि तीही सामंतचीच. त्याची शेती किती, तो सातवीत कशात नापास झाला, आईला दमा कधी जडला, सगळं त्यात होतं. तालमीत पहिलं वाक्य म्हटलं आणि आमचे दिग्दर्शक ओरडले, “अरे, दमा दिसत नाहीये!” महिनाभर मला सगळे ‘दमा’ म्हणत होते.

१९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक राज्य नाट्यस्पर्धेत आणलं. सुलभाताई देशपांड्यांची बेणारे (त्या खेळात आरोपी केलेली शिक्षिका) म्हटल्यावर सामंतकडे कोण बघणार? पण तेंडुलकरांनी त्याला रिकाम्या हातानं पाठवलेलं नाही. येतानाच त्याच्याकडे कुलूपकिल्ली आहे आणि एक हिरवा कापडी पोपट. पोपट पुतण्यासाठी घेतलेला. स्वतःचं लग्न झालेलं नाही. मला तेवढ्यावरच त्याचं घर दिसायला लागलं. वहिनीच्या हातचं जेवण, भावाचा शब्द अखेरचा, आणि संध्याकाळी दाराशी वाट बघणारं एकच माणूस, तेही फूटभर उंचीनं कमी पडणारं.

आमच्या संस्थेकडे पैशांची बोंब. पोपट बायकोनं शिवला. हिरवा ब्लाउजपीस, जुन्या उशीतला कापूस, लाल रिबिनीची चोच. मुलगी तेव्हा चार वर्षांची. पोपट आपलाच, अशी तिची समजूत. तालीम संपली की मी तो घरी न्यायचो, ती घेऊन झोपायची. स्पर्धेच्या प्रयोगानंतर मात्र पोपट सेटबरोबर टेम्पोत गेला. रात्री दोनला घरी पोचलो, तर पोरगी उठून बसली आणि हात पुढे केला. मी म्हटलं, “हरवला.”

का म्हटलं, देव जाणे. उद्या मिळेल, एवढं सांगता आलं असतं. पण अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, नाटकाच्या शेवटी पोपट बेणारेजवळ ठेवून गेलेला सामंतही घरी हेच सांगणार. ‘तिथे एक बाई होत्या, त्यांच्याजवळ ठेवून आलो’ हे तो पुतण्याला कसं सांगेल? वहिनीला तर त्याहून कसं?

आणि मग ती साक्ष. सामंतला सगळं खेळच वाटत असतं. त्याला नुसतं साक्षीदार म्हणून उभं केलंय, म्हणून तो हातातल्या कादंबरीतलं ठोकून देतो, आणि ते नेमकं बाईंच्या खऱ्या जखमेवर जाऊन बसतं. ती कादंबरी त्यानं नंतर पुरी केली असेल का? मला नाही वाटत. माझ्या हिशेबानं ती माळ्यावर पडली असणार. हे मी वहीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. (खटल्यात बेणारेशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या प्रा. दामलेंचं आतलं आयुष्य शोधायच्या फंदात पडू नका. ते आले नाहीत, एवढंच त्यांचं पात्र.)

पुढच्या प्रयोगाला शेवटी पोपट बेणारेजवळ ठेवताना माझा हात सुटेना. एरवी मी तो ठेवून मोकळा व्हायचो. आमची बेणारे डोळे मिटून, मान टाकून पडलेली, तिला दिसायचा प्रश्नच नव्हता. रंगपटात मेकअप पुसता पुसता म्हणाली, “आज पोपट ठेवायला उशीर केलास रे.” बस्स, एवढाच उशीर. परीक्षकांनी त्याची दखलसुद्धा घेतली नाही.

तेव्हा तुमच्या वहीतलं जे हातापायांत उतरत नाही, ते खुशाल फाडा. दिग्दर्शकांना दुखवायचं नसेल तर वही दाखवा आणि घरी आणून फाडा. जन्मापासून सुरुवात कशाला? कुलूप लावून तो निघाला, तिथून घरच्या उंबऱ्यापर्यंतचं बघा.

आणि पोपट नाटकाचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याकडे देऊ नका. तालमीहून येताना बरोबर घ्या, पिशवीत नाही, हातात. एसटीत कुणी ना कुणी विचारतंच, “कुणासाठी घेतलात?” उत्तर देऊन बघा.