मूल खाली खेळायला जात नाही, तेव्हा आधी खाली कोण आहे ते पाहावे

आपला आठ वर्षांचा मुलगा फ्लॅटमधून खाली खेळायला जात नाही, बळेच पाठवले तर दहा मिनिटांत परत येऊन टॅब हातात घेतो, तेव्हा त्याला क्रिकेटच्या कोचिंगला घालावे का, असे आपण विचारले आहे. आमच्या सोसायटीतील मुलांचा संध्याकाळचा खेळ पुन्हा सुरू व्हावा या खटपटीत मी बराच काळ आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

टॅबला दोष देण्याआधी, त्या दहा मिनिटांत मुलाला खाली काय मिळते ते गॅलरीतून एकदा पाहावे. घसरगुंडी असते, झोपाळे असतात, पण बरोबरीचे कोणी नसते, कारण एकाची शिकवणी सहाला सुटते, दुसऱ्याची तेव्हाच सुरू होते आणि तिसरी स्केटिंगला गेलेली असते. आठ वर्षांच्या मुलाला आधी गडी लागतात. हवा, ऊन, व्यायाम हे सगळे त्यामागून येते. म्हणून मुलाची समजूत घालण्यात शक्ती घालवण्यापेक्षा शेजारच्या तीन-चार घरांतील पालकांशी बोलावे आणि रोजचा एकच तास ठरवून घ्यावा. त्या तासात कोणाचीही शिकवणी नाही, पाहुणे आले तरी मूल खाली जाणार, इतके पक्के ठरले पाहिजे. आठवड्यातून दोनच दिवस ठरवले तर ते मोडायला वेळ लागत नाही. पुण्या-मुंबईकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात अभ्यास आधी आणि खेळ नंतर असा क्रम ठेवला तर खेळ अंधारात जातो. तेव्हा शाळेतून आल्यावर खाणे, मग खेळ आणि दिवे लागल्यावर अभ्यास, हाच क्रम सोयीचा पडतो.

सुरुवातीचे काही दिवस मोठ्यांपैकी कोणीतरी स्वतः खेळात उतरावे, कारण आजच्या पुष्कळ मुलांना गल्लीतले खेळ कोणी शिकवलेलेच नाहीत. सोसायटीच्या आवारासाठी मला डबा ऐसपैस सर्वांत उत्तम वाटतो. एक रिकामा पत्र्याचा डबा पुरतो, आणि पार्किंगमधले खांब, जिना, पाण्याच्या टाकीमागची जागा, जी एरवी मुलांच्या काहीच उपयोगाची नसते, ती लपायला कामी येते. एकाने डबा लांब फेकायचा, ज्याच्यावर राज्य आहे त्याने तो आणून जागेवर ठेवायचा आणि तेवढ्यात बाकीच्यांनी लपायचे. दिसलेल्या गड्याचे नाव घेऊन डबा आपटला की तो बाद, पण लपलेल्यांपैकी कोणी येऊन डबा उडवला की पहिल्यापासून राज्य. राज्य घेणाऱ्याने चुकीचे नाव घ्यावे म्हणून मुले आपापसांत शर्ट बदलून कोपऱ्यातून नुसती बाही दाखवतात. ही युक्ती कोणीही न शिकवता त्यांना सुचते, हे मी अनेकदा पाहिले आहे. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि एक रबरी चेंडू लागतो, पण तिथे नेमबाजी लागते, त्यामुळे बुजऱ्या मुलाने तिथून सुरुवात करू नये.

आपला मुलगा बुजरा असेल तर त्याला पहिले काही दिवस लिंबूटिंबू म्हणून घ्यायला मोठ्या मुलांना सांगावे. बाद झाले तरी राज्य येत नाही, आणि तरीही आपण खेळात आहोत, ही सवलत आपल्या जुन्या खेळांनी फार विचाराने ठेवलेली आहे. खेळ रुळला की मोठ्यांनी बाजूला व्हावे. चेंडू लागला की नाही यावरून भांडण होईल, कोणी रुसून घरी जाईल. मारामारी नसेल तर मध्ये पडू नये, कारण तोडगा मुलेच काढतात आणि तो काढण्यातच ती पुष्कळ काही शिकतात.

‘चेंडू खेळण्यास मनाई’ अशी पाटी असेल तर कमिटीशी वाद घालण्याऐवजी नेमकी मागणी करावी : अमुक वेळेत अमुक कोपऱ्यात गाड्या लावू नयेत, आणि मुले फक्त रबरी चेंडूच वापरतील. एवढ्या मर्यादित मागणीला सहसा नकार मिळत नाही.

डोळ्यांचा मुद्दाही पालकांना पटवताना फार उपयोगी पडतो. चीनमधील ग्वांगझू येथे १२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले जात होते. तीन वर्षांनंतर त्या मुलांत लघुदृष्टीचा दोष नव्याने आलेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, तर उरलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होते. बाहेर सावलीतही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो, आणि हा उजेडच डोळ्यांना उपकारक ठरतो असे मानले जाते.

कोचिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तिथे मूल रांगेत उभे राहते, आपली पाळी येईपर्यंत थांबते आणि सांगितले तेवढेच करते. त्यातून खेळाचे तंत्र येते, पण कोणाला घ्यायचे, नियम कोणता, वाद कसा मिटवायचा, हे सगळे दुसऱ्यानेच ठरवलेले असते. मुलगा खाली खेळू लागला आणि क्रिकेट नीट शिकायचे आहे असे स्वतःहून म्हणाला तर त्याला अवश्य घालावे, मात्र त्याची वेळ संध्याकाळच्या त्या ठरलेल्या तासावर येऊ देऊ नये.