अमेरिकेत बीफ इतकं महाग झालंय, तर तिथल्या रँचर लोकांची चंगळ असेल ना? मग ते मांस कंपन्यांच्या नफ्यावर का चिडलेले असतात?

चंगळ आहे, खरंय. चीडही खरी आहे, फक्त ती आजची नाही, २०२० सालची आहे.

मी नेब्रास्कातल्या एका छोट्या गावात बँकेत शेतीकर्जं बघतो. स्वतः बीफ खात नाही (यावरून इथे माझी यथेच्छ चेष्टा होते), पण या लोकांच्या वह्या वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर उघडतात, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. रँचर बहुतेक वेळा मांस कंपनीला गुरं विकतच नाही. तो गाई पाळतो आणि पाच-सहाशे पौंडांचं वासरू हिवाळ्याच्या तोंडावर लिलावात विकतो. ते पुढे फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं पोसून वजनदार करण्याच्या वाड्यात, मका खाऊन चौदा-पंधराशे पौंडांचं होतं आणि मग पॅकरकडे, म्हणजे कत्तलखान्यात जातं. पॅकर मुख्य चारच: टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. फीडलॉटमधली सुमारे ८५ टक्के गुरं या चौघांच्याच दारात जातात. त्यांनी भाव पाडला की फीडलॉटवाला वासराला हात आखडतो. उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं रँचरचं.

९ ऑगस्ट २०१९, शुक्रवार. कॅन्ससमधल्या हॉलकमला टायसनच्या कारखान्यात आग लागली. तिथे दिवसाला सुमारे ६,००० गुरं कापली जायची, देशाच्या साधारण ६ टक्के. सोमवारी गुरांचे वायदे थेट लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात घसरायची मुभा असते त्या तळाला, आणि मांसाचा ठोक भाव मात्र वर. गुरं तेवढीच, खाणारे तेवढेच, मधला दरवाजा तेवढा अरुंद झाला. आणि दरवाजाच्या मालकाचीच दिवाळी!

मग कोविड आला. कामगार आजारी पडून कारखाने बंद पडले. जानेवारी २०२० मध्ये ठोक मांस शंभर पौंडांना २१० डॉलरच्या घरात होतं आणि जिवंत गुरं १२० च्या. मे महिन्यात मांस ४७५ ला भिडलं आणि गुरं शंभराच्या आसपास घसरली. आमची बँक तेव्हा आतून बंद, व्यवहार गाडीच्या खिडकीतून. एका जुन्या खातेदाराने मला दोन कागद स्टेपल करून दिले: एक त्याच्या वर्षाच्या गोऱ्ह्यांची लिलावाची पावती, दुसरं बायकोने आणलेल्या किराण्याचं बिल, त्यात खिम्याच्या रकमेभोवती पेनने गोल. ‘हे माझ्या फाईलला लाव,’ एवढंच म्हणाला.

मी निफाडकडचा. भाव पडला की कांदा निदान चाळीत चार महिने ठेवता येतो. तयार झालेलं जनावर दोन-तीन आठवड्यांपलीकडे ठेवलं तर नुसतं खातं, चरबी धरतं आणि उलट भाव कापला जातो. पॅकरला हे माहीत असतं.

आता माझं मत, जे मी त्या खातेदारासमोर जरा जपून मांडतो. हा मुळात संख्येचा खेळ आहे. गुरं जास्त आणि कारखान्यांची क्षमता कमी, तर पॅकर कमावतो. उलटं झालं की रँचर. २०२१ च्या आर्थिक वर्षात टायसनच्या बीफ विभागाने ३ अब्ज डॉलरहून जास्त कमावले. पुढे दुष्काळात लोकांनी गाई काढून टाकल्या. १ जानेवारी २०२५ ला देशात ८.६७ कोटी गुरं उरली, १९५१ नंतरचा नीचांक. त्याच टायसनचा बीफ विभाग २०२५ मध्ये ४० कोटी डॉलरहून जास्त तोट्यात गेला. भाव ठरवणं सर्वस्वी यांच्याच हातात असतं, तर हा तोटा कशाला सोसला असता?

म्हणून रँचर चुकतात असं मात्र नाही. बहुतेक गुरं करारावर जातात आणि करारातला भाव त्या आठवड्याच्या रोखीच्या सौद्यांना, म्हणजे कराराशिवाय तिथल्या तिथे बोली लागून झालेल्या विक्रीला, बांधलेला असतो. रोखीचे सौदे मोजकेच, टेक्सासकडे तर फारच थोडे. मूठभर गुरांच्या बोलीवर सगळ्यांचा भाव ठरतो आणि बोली लावणारे तेच चार. हा संशय जुना आहे. पॅकर आणि गुरांच्या बाजारांवर अंकुश ठेवणारा १९२१ चा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स ॲक्ट यातूनच आला. २००४ मध्ये अलाबामात ज्यूरीने टायसनविरुद्ध १.२८ अब्ज डॉलरचा निकाल दिला होता, तो न्यायाधीशाने रद्द केला. ती सल इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येते.

गेल्या हंगामात त्याच खातेदाराने वासरं विकून ट्रॅक्टरचं कर्ज मुदतीआधी फेडलं. थोड्याच दिवसांत टायसनने इथल्याच, नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा कारखाना जानेवारी २०२६ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. साधारण ११ हजार वस्तीचं गाव, सुमारे ३,२०० नोकऱ्या. मला वाटलं, हा खूश होईल. तो टोपी हातात फिरवत बसला आणि म्हणाला, ‘म्हणजे आता बोली लावणारा आणखी एक कमी.’